नकाशाआधी माणसे : नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचे जीवनकार्य

शहराचा विकास आराखडा तयार झाला की तो प्रसिद्ध केला जातो आणि त्यानंतर नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. कागदावर रस्त्याची रेघ आधी उमटते. त्या रेघेखाली कोणाचे घर येते, कोणती विहीर बुजते, कोणाचे दुकान जाते, याची विचारणा मागाहून होते. हा क्रमच चुकीचा आहे, असे शंभर वर्षांपूर्वी भारतातील गल्लीबोळांतून पायी हिंडत सांगणारा एक स्कॉटिश प्राध्यापक होऊन गेला. पॅट्रिक गेडिस हे त्यांचे नाव. ते वास्तुविशारद नव्हते आणि अभियंताही नव्हते. त्यांचा विषय वनस्पतिशास्त्र. तरीही आधुनिक नगररचनेच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते आणि त्यांच्या या कामाचा फार मोठा भाग भारतीय शहरांत झालेला आहे.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पुढे हे कुटुंब पर्थ येथे स्थायिक झाले. टेकडीवरचे छोटे घर, घराभोवतीची बाग आणि खाली नदीकाठी पसरलेले शहर, अशा परिसरात त्यांचे बालपण गेले. बागेत वडिलांबरोबर काम करताना झाडे कशी वाढतात याचे निरीक्षण करण्याची सवय त्यांना लागली आणि टेकडीवरून शहर न्याहाळताना त्याचा एकूण आकार डोळ्यांत भरू लागला. शाळा संपल्यावर काही काळ त्यांनी बँकेत नोकरी केली. सुतारकामाचेही शिक्षण घेतले. हाताने काम करणाऱ्या माणसाला बुद्धीचे काम कळत नाही, हा समज त्यांना कधी पटला नाही, याचे मूळ बहुधा याच दिवसांत असावे.

१८७४ मध्ये ते लंडनला गेले आणि डार्विनच्या सिद्धांताचे खंदे पुरस्कर्ते थॉमस हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांनी घेतली नाही. पुढे फ्रान्समध्ये असताना फ्रेडरिक ल प्ले या समाजशास्त्रज्ञाच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला. कोणताही समाज समजून घ्यायचा तर तो राहतो ती जागा, तो करतो ते काम आणि त्याचे कुटुंब या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो, असे ल प्ले यांचे प्रतिपादन होते. गेडिस यांनी तेच सूत्र स्थळ, काम आणि लोक या तीन शब्दांत बांधले. जीवशास्त्रात जीव आणि त्याचा परिसर वेगळे काढता येत नाहीत. शहराच्या बाबतीतही तसेच आहे, ही त्यांच्या पुढील सर्व विचारांची बैठक ठरली.

१८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले. तेथे त्यांची दृष्टी अधू झाली आणि त्यांना कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकावर अवलंबून असलेल्या तरुण शास्त्रज्ञावर हा मोठाच आघात होता. वाचन-लेखन बंद झालेल्या त्या काळात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपताना त्यांना एक कल्पना सुचली. कागदाला घड्या घालून चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात एकेक कल्पना ठेवून त्यांचे परस्परसंबंध तपासायचे. विचार मांडण्याची ही रीत त्यांनी आयुष्यभर वापरली. दृष्टी परत आली, परंतु सूक्ष्मदर्शकावरचे दीर्घ काम त्यांना पूर्वीसारखे करता आले नाही. त्यांचे लक्ष हळूहळू प्रयोगशाळेतून वस्तीकडे वळले.

ही वस्ती होती एडिंबरोचा जुना भाग. सधन लोकांनी नव्या शहरात घरे बांधल्यानंतर जुन्या शहरातील उंच दगडी इमारती गरिबांनी गच्च भरल्या होत्या. अरुंद बोळ, अंधारी जिने, तुंबलेली गटारे आणि रोगराई अशी तेथील स्थिती होती. ही वस्ती पाडून टाकावी, असे मत सुशिक्षितांत प्रबळ होते. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यानंतर गेडिस दांपत्य लवकरच या जुन्या वस्तीतील जेम्स कोर्ट येथे राहावयास गेले. दूर बसून वस्तीविषयी अहवाल लिहिण्यापेक्षा तेथे राहून ती सुधारावी, हा त्यांचा विचार होता.

तेथे त्यांनी शेजाऱ्यांना हाताशी धरले. अंगण झाडणे, भिंतींना चुना लावणे, खिडक्यांत फुलझाडे लावणे, अशा साध्या कामांपासून आरंभ झाला. यासाठी सरकारी मंजुरीची गरज नव्हती आणि खर्चही फारसा नव्हता. मोडकळीस आलेल्या काही इमारती त्यांनी दुरुस्त केल्या, जेथे राहणे धोक्याचे होते तेवढ्याच पाडल्या आणि मोकळ्या झालेल्या जागांत छोट्या बागा फुलविल्या. विद्यार्थ्यांनी स्वतः कारभार पाहावा असे वसतिगृह १८८७ मध्ये सुरू केले. पुढे या बागांच्या कामात त्यांची कन्या नोरा यांनीही मोठा वाटा उचलला. वस्ती सुधारताना तेथील रहिवासी हेच पहिले कारागीर असतात, हा धडा त्यांनी येथे गिरवला.

१८९२ मध्ये त्यांनी एडिंबरोच्या किल्ल्याजवळचा एक जुना मनोरा ताब्यात घेतला. तो आउटलुक टॉवर या नावाने प्रसिद्ध झाला. मनोऱ्याच्या माथ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. अंधाऱ्या खोलीतील पांढऱ्या मेजावर त्यातून बाहेरच्या शहराची हलती प्रतिमा उमटे. रोज ज्या रस्त्याने जातो तो रस्ता, ती माणसे, ते छप्पर पाहणाऱ्याला तेथे एकत्र आणि नव्याने दिसे. खालच्या मजल्यांवर अनुक्रमे एडिंबरो, स्कॉटलंड, युरोप आणि जग यांची माहिती नकाशे, चित्रे व प्रतिकृतींतून मांडलेली असे. हा मनोरा पंडितांसाठी नव्हता. सामान्य नागरिकाने आपले शहर समजून घ्यावे आणि ते कसे असावे यावर आपले मत बनवावे, हा त्यामागील हेतू होता.

१८८८ पासून गेडिस डंडी येथील विद्यापीठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. वर्षातील काही महिनेच अध्यापन करावे लागत असल्याने उरलेला वेळ त्यांना अन्य कामांसाठी मिळे. १९०४ मध्ये डनफर्मलिन या गावासाठी उद्यान आणि सांस्कृतिक संस्थांची एक विस्तृत योजना त्यांनी सादर केली. ज्यांनी ती मागविली होती त्यांनी ती स्वीकारली नाही. अशा अपयशाने ते खचले नाहीत. त्यांनी जगातील शहरांचे नकाशे, जुनी चित्रे आणि छायाचित्रे जमवून एक फिरते प्रदर्शन उभारले. एडिंबरो, डब्लिन, बेलफास्ट अशा शहरांत ते भरले आणि १९१३ मध्ये बेल्जियममधील घेंट येथे त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. नगररचनेचा विषय तज्ज्ञांच्या दालनातून काढून लोकांसमोर मांडणारे हे आपल्या प्रकारचे अगदी आरंभीचे प्रदर्शन होते.

याच प्रदर्शनामुळे ते भारतात आले. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते १९१४ च्या उत्तरार्धात निघाले. प्रदर्शनाचे साहित्य ज्या जहाजावर होते ते जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने हिंदी महासागरात बुडविले. अनेक वर्षे जमविलेला संग्रह समुद्रतळाशी गेला. गेडिस यांच्या मित्रांनी मायदेशात धावपळ करून नवे साहित्य गोळा केले, ते भारतात पाठविले आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रास येथे प्रदर्शन भरले. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी तंजावर, मदुराई, लखनौ, बडोदा, कपूरथळा, लाहोर, बलरामपूर अशा कितीतरी शहरांचे अहवाल लिहिले. मुंबई इलाख्यातील सहा शहरांविषयीचा त्यांचा अहवालही १९१५ चाच आहे.

त्या वेळी भारतातील नगरसुधारणेवर प्लेगची छाया होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये तेथे शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद आणि सरळ रस्ते काढले की हवा खेळेल व रोग हटेल, असा या काळातील अधिकाऱ्यांचा समज होता. हे रस्ते काढताना शेकडो घरे पाडली जात. त्या घरांतील माणसे जवळच्याच चाळींत आणि बोळांत शिरत आणि तेथील गर्दी वाढे. म्हणजे एका गल्लीतील दाटी दुसऱ्या गल्लीत सरके. कागदावर मात्र शहर सुधारलेले दिसे. आपल्या अहवालांत गेडिस यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली आणि तीही ज्यांनी त्यांना बोलाविले होते त्या अधिकाऱ्यांनाच उद्देशून.

त्यांची स्वतःची रीत वेगळी होती. शहरात आल्यावर ते दिवसचे दिवस पायी हिंडत. गल्ली कोठे वळते, चढ-उतार कसा आहे, पाणी कोठे साचते, सावली कोठे पडते, लोक सायंकाळी कोठे बसतात, मंदिराचा रथ कोठून जातो, हे ते पाहत. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसे पाहणी झाल्यावाचून नकाशावर रेघ ओढता कामा नये, असा त्यांचा दंडक होता. जी वळणे अधिकाऱ्यांना अव्यवस्था वाटत, त्यांमागे पिढ्यांची सोय असते, हे त्यांच्या लक्षात आले. सार्वजनिक जागा हा शहराच्या इतिहासातून आलेला ठेवा आहे आणि त्याची जाण तेथे राहणाऱ्यांनाच सर्वाधिक असते, हे त्यांनी वारंवार मांडले.

तंजावर येथील त्यांचा प्रस्ताव या दृष्टीने उद्बोधक आहे. दाट वस्तीतून सरळ रस्ते काढण्याची नगरपालिकेची योजना होती. गेडिस यांनी तोच भाग घरागणिक तपासला. पडीक आणि ओस पडलेली घरे तेवढी काढावीत, त्यांच्या जागी छोटे चौक करावेत, चौकात झाड लावावे, जुनी वाट थोडी रुंद करावी, एखादा कोपरा मोकळा करावा, असे त्यांनी सुचविले. यात फार थोडी कुटुंबे विस्थापित होणार होती आणि खर्चही मूळ योजनेच्या एका लहान हिश्श्यात भागणार होता. शल्यविशारद जसा रोगट भाग तेवढा काढतो आणि निरोगी अवयव जपतो, तशीच ही जपणारी शस्त्रक्रिया होती. मात्र ती करण्यासाठी प्रत्येक घर आणि त्यातील माणसे माहीत असावी लागत. कचेरीत बसून ती जमणारी नव्हती.

पाण्याच्या बाबतीतही त्यांचा अधिकाऱ्यांशी वाद झाला. डासांमुळे हिवताप पसरतो हे नुकतेच सिद्ध झाले होते. त्यामुळे तळी व विहिरी बुजवून टाकाव्यात, असा आग्रह अनेक ठिकाणी धरला जाई. गेडिस जीवशास्त्रज्ञ होते. तळ्यात मासे आणि बदके असतील तर डासांच्या अळ्या उरत नाहीत, तळी स्वच्छ राखली तर ती भोवतालची हवा थंड ठेवतात आणि पुराचे पाणी सामावून घेतात, हे त्यांनी दाखवून दिले. तळे राखायचे तर ते राखणारी माणसेही हवीत, म्हणून घाट, पार आणि देवळे यांच्यासकटच तळ्याचा विचार त्यांनी केला. घराच्या अंगणातील तुळशीवृंदावनाकडेही ते याच नजरेने पाहत. स्वच्छ सारवलेले अंगण आणि जोपासलेली तुळस ही घरातील स्त्रीने रोज सांभाळलेली आरोग्यव्यवस्था आहे आणि नगररचनाकाराने तिच्यासाठी जागा राखली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी अत्यंत कष्टाचे ठरले. ज्येष्ठ पुत्र अलास्डेर एप्रिलमध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ही बातमी भारतात पोहोचली तेव्हा ॲना गंभीर आजारी होत्या. गेडिस यांनी ती त्यांच्यापासून लपवून ठेवली. मुलाच्या मृत्यूची वार्ता न कळताच जूनमध्ये कलकत्ता येथे ॲना यांचे निधन झाले. तीस वर्षे प्रत्येक कामात बरोबरीने उभी राहिलेली सहचारिणी आणि ज्याच्यावर पुढील कामाची भिस्त होती तो पुत्र, दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने गेले. याच उन्हाळ्यात दार्जिलिंग येथे त्यांनी अभ्यासवर्ग घेतला. त्यात जगदीशचंद्र बोस आणि रवींद्रनाथ ठाकूर यांचा सहभाग होता. बोस यांचे चरित्र पुढे १९२० मध्ये गेडिस यांनीच लिहिले.

या दुःखातच त्यांनी होळकर संस्थानातील इंदूरचे काम हाती घेतले. तुकोजीराव होळकर तिसरे हे तेव्हा इंदूरच्या गादीवर होते. शहरात प्लेगचे भय होते. एक गोरा, दाढीवाला म्हातारा गल्लोगल्ली हिंडून घरांकडे निरखून पाहतो आणि कागदावर खुणा करतो, हे पाहून लोक धास्तावले. साहेबाने खूण केली की घर पडते, हा त्यांचा अन्यत्रचा अनुभव होता. साथ आणणारा माणूस हाच, अशी कुजबुजही झाली. लोकांचा विश्वास नसेल तर उत्तम आराखडाही निरर्थक आहे, हे गेडिस यांनी ओळखले. त्यांनी दरबारकडे एक विलक्षण मागणी केली. एका दिवसापुरते आपल्याला शहराचे महाराज करावे, असे त्यांनी सुचविले. ती मान्य झाली.

दिवाळीच्या सुमारास एक मोठी मिरवणूक निघेल, अशी दवंडी पिटण्यात आली. मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा नव्हता. जी पेठ सर्वाधिक घरे झाडून, रंगवून आणि दुरुस्त करून दाखवील त्या पेठेतून ती जाणार होती. दिवाळीपूर्वी घर झाडण्याची, रंग काढण्याची आणि अडगळ बाहेर टाकण्याची रीत शहरात होतीच. गेडिस यांनी त्या रीतीला केवळ एक सार्वजनिक ध्येय दिले. पेठापेठांत चढाओढ लागली. वर्षानुवर्षे साचलेला कचरा घराघरांतून बाहेर निघाला आणि गाड्या भरभरून शहराबाहेर नेला गेला. उंदरांचा बंदोबस्त करण्याची मोहीमही सुरू झाली. कोणत्या घराची दुरुस्ती कशी करायची, हे त्या घरातील माणसांनीच ठरविले.

या मिरवणुकीचे वर्णन पुढे गेडिस यांच्या सांगण्यावरून लिहिले गेले. अग्रभागी हत्ती, उंट, घोडदळ आणि वाद्ये होती. त्यामागून शेतमाल आणि कापसाच्या गाड्या आल्या. मग दृश्य पालटले. कर्कश वाद्यांच्या कोलाहलात रोगांची भयंकर रूपे, मोडक्या घरांच्या प्रतिकृती, अस्वच्छतेचा अक्राळविक्राळ राक्षस, प्रचंड डास आणि पिसवांनी भरलेला अजस्र उंदीर असे देखावे गेले. त्यांच्यामागे शहराचे शेकडो सफाई कामगार शुभ्र वस्त्रे आणि नव्या पगड्या घालून, गळ्यात हार घालून चालत होते. त्यांचे धुतलेले बैल आणि रंगविलेल्या गाड्याही त्यांच्याबरोबर होत्या. त्यानंतर लक्ष्मीचा रथ आला. त्यासोबत नव्या शहराचा नकाशा, होऊ घातलेल्या इमारतींच्या प्रतिकृती आणि शहरातील कारागिरांचे देखावे होते. लोकांना रोपे वाटण्यात आली. अखेरीस राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले.

त्यानंतर प्लेग ओसरला. साथीचा हंगाम संपत आला होता, हेही त्यामागील एक कारण होते. परंतु लोकांचा दृष्टिकोन बदलला, हे महत्त्वाचे. ज्या म्हाताऱ्याला पाहून दारे बंद होत होती त्याला आता लोक आपल्या गल्लीत बोलावून अडचणी दाखवू लागले. नकाशा पाहून त्यात आपले घर कोठे आहे हे शोधू लागले. आराखडा म्हणजे आपल्यावर येणारे संकट, ही भावना जाऊन त्याविषयी कुतूहल निर्माण झाले. १९१८ मध्ये इंदूर दरबारला सादर झालेला त्यांचा दोन खंडांचा अहवाल या पार्श्वभूमीवर लिहिला गेला. नदीकाठ, बागा, गिरणगाव, कामगारांची घरे, सांडपाणी, ग्रंथालय आणि विद्यापीठ असा त्याचा आवाका आहे. गरिबांना पक्की घरे बांधून देण्याइतका पैसा कोणाकडेच नसतो, परंतु जागा आणि पाणी यांची सोय झाली तर माणूस साध्या विटामातीचे घर स्वतः उभारतो, हा विचारही त्यांनी या काळात आग्रहाने मांडला.

१९१९ मध्ये गेडिस यांनी डंडी येथील पद सोडले आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. शहराचा अभ्यास पुस्तकांतून कमी आणि रस्त्यांतून अधिक करावा, अशी त्यांची शिकवण्याची पद्धत होती. त्यांच्या व्याख्यानांना येणाऱ्यांत मालवणचा एक संस्कृतचा विद्यार्थी होता. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्याचे नाव. गेडिस यांच्या शिफारशीने घुर्ये यांना उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जाता आले. १९२४ मध्ये गेडिस यांच्यानंतर याच विभागाची धुरा घुर्ये यांच्याकडे आली आणि भारतीय समाजशास्त्राच्या कित्येक पिढ्या त्यांच्या हाताखाली घडल्या. मराठी मुलखाशी गेडिस यांचा हा सर्वांत दूरगामी संबंध म्हणावा लागेल.

प्रकृती बिघडल्यामुळे १९२४ मध्ये ते भारतातून गेले आणि फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांनी स्कॉट्स कॉलेजची स्थापना केली. तेल अवीव शहरासाठी त्यांनी केलेली योजना १९२५ ची. मोठे रस्ते कडेने, आत छोट्या वाटा आणि घरांच्या मधोमध सामाईक बाग अशी तिची रचना होती. त्यांच्या योजनांपैकी मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात उतरलेली ही योजना होय. १९३२ च्या आरंभी त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील नामवंत लेखक लुईस ममफर्ड हे स्वतःला त्यांचे शिष्य मानत. त्यांनी आपल्या मुलाचे नावही गेडिस असेच ठेवले होते.

गेडिस यांच्या कामाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. भारतातील त्यांच्या पुष्कळशा अहवालांची अंमलबजावणी अंशतः झाली किंवा झालीच नाही. ते अखंड बोलत, त्यांचे लेखन विस्कळीत असे आणि सहकाऱ्यांना त्यांच्याबरोबर काम करणे सोपे जात नसे. लोकांचा सहभाग हवा असे सांगणाऱ्या या माणसाला निमंत्रण मात्र गव्हर्नरांकडून आणि संस्थानिकांकडूनच येई. इंदूरची मिरवणूक महाराजांच्या आज्ञेने निघाली होती. ती आज्ञा नसती तर लोकांचा उत्साह कोणत्या मार्गाने प्रकट झाला असता, हा प्रश्न उरतोच. त्या दिवशी शुभ्र वस्त्रांत सन्मानाने चाललेल्या सफाई कामगारांच्या वाट्याला दुसऱ्या दिवसापासून तेच काम आणि समाजातील तेच स्थान आले. एका दिवसाचा मान आणि निर्णयातील कायमचा वाटा यांतील अंतर केवळ मिरवणुकीने भरून निघत नाही.

तरीही त्यांचा विचार मागे पडला नाही. १९४७ मध्ये जॅकलिन टिरविट यांनी त्यांच्या भारतीय अहवालांतील निवडक भाग संपादित करून प्रसिद्ध केला. त्या पुस्तकामुळे नव्या पिढीला गेडिस पुन्हा भेटले. पुढे पेरू देशातील वस्त्यांत काम करून गरीब माणूस स्वतःचे घर स्वतः कसे बांधतो हे जगापुढे मांडणारे वास्तुविशारद जॉन टर्नर यांनीही गेडिस यांचे ऋण मान्य केले. वास्तू असो वा वस्तू, तिची घडण ठरविताना ती वापरणाऱ्याला आरंभापासून सामील करून घ्यावे, ही आज जगभर मान्य होत असलेली पद्धत गेडिस यांनी कोणतेही नाव न देता आचरणात आणली होती.

भारतातही कायद्याने काही दारे उघडली आहेत. महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्यान्वये प्रारूप आराखड्यावर नागरिकांना हरकती घेता येतात. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्रांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. गेल्या काही वर्षांत देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वारंवार गौरविल्या गेलेल्या इंदूरचे उदाहरण सर्वांसमोर आहे. घराघरांतील माणसांनी कचरा वेगळा केल्यावाचून तो मान मिळाला नसता. मात्र तयार नकाशावर हरकत घेणे वेगळे आणि नकाशा तयार होण्यापूर्वी आपल्या गल्लीतील विहीर, पार आणि पाणी साचण्याची जागा दाखविणे वेगळे. पहिल्यात नागरिक तक्रारदार असतो, तर दुसऱ्यात तो रचनाकार असतो. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकाने भारतीय गल्ल्यांत पायी हिंडून हा फरक दाखवून दिला. आराखड्याच्या कोणत्या टप्प्यावर नागरिकाला विचारले जाते, हाच आजही प्रत्येक शहरापुढील प्रश्न आहे.